वरजिनल फटफटी

आमच्या घरात संध्याकाळची पहिली भाकरी तव्यावर पडायची ती घड्याळ बघून नाही आणि भूक लागली म्हणूनही नाही. ती पडायची आवाज ऐकून. गावाबाहेरच्या नाल्याचा चढ भाऊंची फटफटी चढायला लागली की तिचा आवाज एकदम जाड व्हायचा, आणि तो कानावर आला की माय परातीत पीठ मळायला घ्यायची. आवाज मारुतीच्या पारापाशी पोचला की भाकरी थापून तव्यावर, आणि दारात येऊन बंद पडला की भाकरी उलटलेली. भाऊ, म्हणजे माझे वडील, अंगणात हातपाय धुऊन, डोक्याचा रुमाल खुंटीला अडकवून पाटावर बसेपर्यंत ती ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी निखाऱ्यावर टम्म फुगलेली असायची. तिचा पापुद्रा बोटाने फोडून माय आत कच्चं तेल सोडायची, बाजूला ठेचा, आणि मग दोघं एकमेकांशी काही न बोलता आपापल्या कामाला लागायची. एकाचं काम खाणं, दुसरीचं वाढणं. त्या काळी नवराबायको आमच्यासमोर फार बोलत नसत. पण एवढ्या लांबून कुणी कुणाची चाहूल घेत असेल तर बोलायचं राहतं तरी काय, असं मला आता वाटतं.

आम्ही ब्राह्मणपुरीचे गुजर. गावात कापूस, केळी आणि ऊस यांपलीकडे कुणी काही बोलत नसे. काळ्या मातीची गोडी लागली नाही असा अख्ख्या भावकीत एकच माणूस, तो म्हणजे भाऊ. आमच्या वाटणीची शेती त्यांचे थोरले बंधू बघायचे. त्यांना मी मोठे बाबा म्हणायची. मोठ्या बाबांचं घर अंगणापलीकडे, माणसांनी आणि ढोरांनी भरलेलं. आमच्या घरात मात्र आम्ही तिघंच. माझ्या पाठीवर जे झालं ते राहिलं नाही. भाऊ बाजाराच्या दिवशी मोलगीला, धडगावला जायचे, पहाडातल्या लोकांकडून आमचूर आणि चारोळी घ्यायचे आणि शहाद्याच्या व्यापाऱ्यांना नेऊन घालायचे. त्यामुळे आमच्या घराला बारा महिने आंबट वास होता. ओसरीवर पोती रचलेली असायची. दुपारी सगळं गाव शेतात गेलं की मी त्या पोत्यांवर चढून बसायची आणि उत्तरेकडे सातपुडा बघायची. माझ्याबरोबरीच्या पोरींना कडेवर घ्यायला भावंडं होती, भांडायला चुलतबहिणी होत्या. मला ती पोती होती. पोत्यावर बसून कान देऊन राहणं हा माझा खेळ होता, आणि त्या खेळात मी फार तरबेज झाले. एसटी कुठली, जिनिंगचा ट्रक कुठला आणि भाऊंची फटफटी कुठली, हे मायच्याही आधी मला कळायचं. पण मी सांगत नसे. तिला तिचं कळू द्यावं, एवढी समज मला होती.

ती फटफटी मूळची लष्करातली. लढाई संपल्यावर कुठल्याशा लिलावात निघाली आणि दोन-तीन मालक फिरून भाऊंकडे आली. आली तेव्हा ती हिरवट, शेवाळलेल्या हौदाच्या रंगाची होती म्हणे. मला तो रंग आठवत नाही. मला आठवते ती निळी. दारांना आणलेला निळा ऑइलपेंट उरला तो भाऊंनी तिला देऊन टाकला, त्यामुळे आमची दारं आणि आमची फटफटी एकाच रंगाची होती. मागची बसायची जागा काढून तिथे शहाद्याच्या लोहाराकडून पोती बांधायला लोखंडी चौकट करून घेतली. हँडलला बैलाच्या गळ्यातली घंटी बांधली, का तर घाटात वळणावर गाडीवाल्यांना कळावं म्हणून. आणि पोळ्याला मोठ्या बाबांचे बैल सजले की त्यांच्या रांगेत शेवटी फटफटी उभी राहायची. हँडलला आमच्याकडे शिंगंच म्हणत. बैलांच्या शिंगांना हिंगूळ लागला की उरलेला हिंगूळ भाऊ हिच्या शिंगांना लावत. दर पोळ्याला एक नवा थर. माय तिला ओवाळायची आणि पुरणपोळीचा घास पुढच्या दिव्याला लावायची, कारण तिला तोंड कुठलं म्हणायचं, तर तेच. लोखंडाला घास भरवलेला बघून मोठे बाबा करवादायचे, "लोखंड काय पोळी खास का रे?" भाऊ म्हणायचे, "पेट्रोल पेस ती पोळी बी खास." आणि बायका पदर तोंडाला लावून हसायच्या.

आता त्या आवाजाचं. फटफटीचा आवाज असा सगळ्या गावाला ऐकू जाणारा नव्हता मुळात. तिच्या धूर जायच्या नळीला सायलेन्सरचा डबा होता. धडगावच्या घाटात एकदा दगडावर आपटून तो डबा फुटला. भाऊंनी त्याच लोहाराकडे जाऊन, विहिरीवरच्या इंजिनाच्या नळीचा हातभर तुकडा तात्पुरता बसवून घेतला. तुकड्याच्या एका टोकाला आटे होते, दुसऱ्या टोकाला हातोडीचा पोचा. त्या दिवशी फटफटी गावात शिरली तेव्हा कुत्री पळाली आणि मोठ्या बाबांची म्हैस दावं तोडून गेली. "डबा बसाड रे बाबा, ढोरे दचकतस," असं ते रोज म्हणायचे. भाऊंच्याही ते मनात होतं. एकदा जेवता जेवता त्यांनी मायला विचारलं, "नवा डबा बसाडी लेऊ का?" माय चुलीतली लाकडं मागे ओढत होती. ती मान वर न करता म्हणाली, "ऱ्हाऊ द्या. आयकू तरी येस." एवढंच. डबा बसला नाही. आमची फटफटी सगळ्या तालुक्यात बदनाम झाली आणि आमच्या घरची भाकरी रोज गरम राहिली.

मध्येच थोडं आताचं सांगते. माझ्या चुलतभावाचा नातू नाशिकला असतो. जुन्या मोटरसायकली जमवण्याचं वेड त्याला लागलंय. मागच्या हिवाळ्यात तो मला अशा एका मेळाव्याला घेऊन गेला. मोठं मैदान, चकचकीत गाड्या, आणि त्यांच्याभोवती पोट सुटलेली, जाकिटं घातलेली माणसं. तिथे दोन तट होते. एका तटाचं म्हणणं, कंपनीतून निघाली तेव्हा जो खिळा होता तोच खिळा पाहिजे, दुसरा लावणं म्हणजे पाप. दुसऱ्या तटाने गाड्या कापून, ताणून, जाडजूड चाकं लावून अशा करून ठेवल्या होत्या की त्यांच्या आईनेही त्यांना ओळखलं नसतं. दोन्हीकडची माणसं हमरीतुमरीवर आली होती. नातू मला म्हणाला, "आजी, तू कुठल्या बाजूची?" मी म्हटलं, "आधी चहा पाज." त्याला काय सांगणार? माझी बाजू त्या मैदानात नव्हतीच. कंपनीने केली तशीही नको आणि आपल्या हौसेसाठी कापलेलीही नको, एका माणसाने रोजच्या पोटापाण्यासाठी केली तशीच राहू दे, असं म्हणणारा तट तिथे कुणी काढला नव्हता. तो तट फार वर्षांपूर्वी आमच्या अंगणात होता. त्यात मी एकटी होते.

भाऊ गेले ते तापाने. मोलगीच्या बाजाराला गेले होते, पावसाळा सरत आला होता, पहाडात तापाची साथ होती. दोन दिवस तिथेच ओळखीच्या एका पावरा आदिवासीच्या घरी पडून राहिले. त्याने त्यांना गाडीत घालून धडगावला आणलं, तिथून जीपने शहाद्याच्या दवाखान्यात. निरोप आला तेव्हा मोठे बाबा गेले आणि परत आले ते त्यांना घेऊनच. मला आठवतं ते एवढंच की अंगणात खूप माणसं होती आणि मी आवाजासाठी कान देऊन पोत्यांवर बसले होते. सगळे म्हणत होते भाऊ आले, भाऊ आले, आणि मला तर नाल्याकडून काहीच ऐकू आलं नव्हतं. आवाज न करता भाऊ येतील कसे, हा माझा हिशेब होता. कुणीतरी मला खाली उतरवलं. पुढचं सांगत नाही.

फटफटी मागाहून आली. मोलगीहून बैलगाडीत, आडवी, दोरांनी बांधलेली, शिंगं एका बाजूला वळलेली. आजारी ढोर दवाखान्यातून आणावं तशी. तिला ओसरीत पोत्यांच्या शेजारी लावलं, आणि ती तिथेच राहिली. मायने तिच्याकडे पाहिलं नाही. माय तेव्हा कशाकडेच पाहत नव्हती. कामं मात्र सगळी करायची, झाडलोट, पाणी, दळण, सगळं. बोलणं तेवढं बंद झालं. आधीही ती कमीच बोलायची, पण आधी न बोलण्यात एक भरलेपण होतं. आता घर रिकामा हंडा वाजतो तसं वाजायचं. संध्याकाळ झाली की ती चुलीपुढे बसून राहायची आणि भाकरी कधी टाकायची हे तिला कळत नसे. खरंच कळत नसे. कधी दिवस मावळायच्या आत भाकऱ्या होऊन गार पडलेल्या, कधी मला झोप यायला लागली तरी पीठ डब्यातच. मी दुपारी फटफटीपाशी जाऊन बसायची. तिच्या मागच्या नळीला नाक लावून वास ओढून घ्यायची. पेट्रोल, जळकं तेल आणि त्या सगळ्याच्या खाली आमचुराचा आंबट वास. भाऊंच्या सदऱ्याला यायचा अगदी तोच. सदरे धुऊन कुणाकुणाला देऊन टाकले होते. वास राहिला होता तो फक्त त्या नळीत, आणि तो मला एकटीला ठाऊक होता. निदान माझी तशी समजूत होती.

मोठे बाबा मनाने वाईट नव्हते, पण पडून राहिलेली वस्तू त्यांना बघवत नसे, मग ती वस्तू असो की माणूस. केळीला पाणी कमी पडत होतं. त्यांनी ठरवलं, फटफटीची चाकं काढायची, इंजिन विहिरीवर बसवायचं. शहाद्याहून एक मिस्त्री बोलावला. दिवस कलायच्या सुमाराला त्याने फटफटी अंगणात काढली, काय काय पुसलं, पेट्रोल घातलं आणि लाथा मारायला सुरुवात केली. मी ओसरीवर होते. बऱ्याच लाथा झाल्यावर ती खोकली, थांबली, आणि मग एकदम तो जाड आवाज सुटला. मला आनंद झाला, हे मला स्पष्ट सांगितलं पाहिजे. डोळे मिटले की भाऊ आले होते. मला वाटलं, हे रोज करता येईल, रोज कुणीतरी हिला असं चालू करावं, चाकं काढा नाहीतर काही करा. आणि ही बातमी मायला सांगायला मी आत धावले.

माय भाकरी थापत होती. मी दारात आले तेव्हा तिचे हात भराभर चालले होते, इतक्या दिवसांत चालले नव्हते तसे. भाकरी तिने तव्यावर टाकली, वरून पाण्याचा हात फिरवला. उठून भिंतीशी उभा केलेला पाट मांडला. तांब्या भरून पाटाशेजारी ठेवला. परत येऊन बसली आणि तिने दाराकडे, म्हणजे माझ्याकडे पाहिलं, पण तिला मी दिसत नव्हते. ती ऐकत होती. आवाज जवळ यायला हवा होता, आणि आवाज जागचा हलत नव्हता. अंगणात एकाच जागी उभा राहून तो वाजत होता. मग मिस्त्रीने तो बंद केला. बाहेर मोठे बाबा मोठ्याने म्हणाले, "झकास चालनं!" आत भाकरी उलटायची वेळ टळून गेली होती. ती करपायला लागली, धूर झाला, माझे डोळे चुरचुरले, तरी माय तशीच बसून. शेवटी तिने ती भाकरी हातानेच उचलली, उलथनं न घेता, आणि कोनाड्यात ठेवली. पाट पुन्हा भिंतीला उभा केला. त्या भाकरीबद्दल आम्ही दोघी जन्मात कधी एक शब्द बोललो नाही.

फटफटी चालू झाल्याची बातमी शहाद्यापर्यंत गेली, आणि दोन-चार दिवसांनी सुभेदार आले. नाव गिरासे. लष्करात ते नेमके काय होते देव जाणे, सुभेदार त्यांना लोकांनी केलं होतं. लढाईत ते अशाच फटफटीवरून टपाल पोचवत, एवढं खरं होतं. सडेफटिंग माणूस, घरी एक आंधळी बहीण, बाकी कुणी नाही. ते आले, कुणाशी बोलले नाहीत, सरळ फटफटीपाशी जाऊन तिच्याभोवती फिरले. निळ्या रंगावर नख घासून खालचा हिरवा बघितला. घंटी वाजवून बघितली. हिंगुळाच्या थरांवर बोट फिरवलं. मग मटकन ओसरीच्या पायरीवर बसले आणि मोठ्या बाबांना म्हणाले, "वाघीन व्हती ही, वाघीन. तुम्ही इना बैल करी टाकेल शे!" आणि चक्क डोळे पुसले. मोठ्या बाबांना हसावं की काय करावं कळेना. सुभेदारांना फटफटी पाहिजे होती, पण विहिरीसाठी नाही आणि फिरण्यासाठीही नाही. तिला वरजिनल करायची, एवढंच त्यांचं म्हणणं. हा शब्द ते दर वाक्यात म्हणायचे. रंग वरजिनल, सीट वरजिनल, शिंगं वरजिनल.

माय दाराआड उभी होती. फटफटी भाऊंची, म्हणून आता तिची, आणि तिच्या शब्दाशिवाय मोठे बाबाही ती देणार नव्हते. तिने आतूनच विचारलं, "वरजिनल म्हंजे काय, दादा?"

सुभेदार उठून उभे राहिले. बाईमाणूस बोलतंय म्हणून त्यांनी टोपी सारखी केली. "जल्मनी तशी, बहिन. कोना हात लागेल नही अशी."

मग मायने विचारलं, "मंग तिना आवाज?"

"आवाज कशाना! वरजिनल डबा शे मन्हाकडे. तो लागना म्हंजे दारसमोरथून गयी तरी कोनले आयकू येत नही."

मला तेव्हा तो शब्द समजला. कोणाचा हात लागलेला नाही अशी, म्हणजे भाऊंच्या आधीची. निळा रंग नसलेली, घंटी नसलेली, पोळी न खाल्लेली. भाऊ कधी झालेच नाहीत अशी. मी आत जाऊन मायचा पदर धरला. "ती भाऊनी शे. भाऊनी करी व्हती तशीच ऱ्हाऊ दे ना, माय. मोठा बाबाले विहीरवर लावू दे. आवाज तरी ऱ्हाई." मला विहीर चालत होती. केळीच्या मळ्यात ती रोज वाजली असती, मी रोज ऐकलं असतं. मायने माझ्या डोक्यावर हात ठेवला, पण बोलली ती दाराबाहेर.

"लई जा, दादा. जल्मनी तशी करी ल्या. पन एक आयका. गावम्हाईन वाजाडत लई जाऊ नका. तो पाइप आठेच काढा."

मोठे बाबा पुटपुटले, "मन्ही केळी ऱ्हायनी मंग कोरडी," आणि गोठ्याकडे निघून गेले. सुभेदारांनी पिशवीतून पाने काढले आणि आमच्या अंगणात भाऊंची फटफटी उकलायला बसले. घंटी काढून त्यांनी ओसरीवर ठेवली. लोखंडी चौकट काढली. नळी गंजून घट्ट बसली होती. तिला हातोडीने ठोकताना ते तिला समजावत होते, आता सुटशील बरं, आता सुटशील. प्रेमानेच करत होते ते सगळं, हे मला तेव्हाही दिसत होतं, आणि म्हणूनच मला त्यांचा जास्त राग आला. नळी सुटली तशी त्यांनी ती उकिरड्याच्या बाजूला फेकली. मग फटफटी ढकलत, एक हात शिंगांवर आणि एक हात टाकीवर ठेवून, ते नाल्याकडे चालत गेले. दारासमोरून गेली तरी कोणाला ऐकू आली नाही. चढावर त्यांनी थांबून घाम पुसला तेवढं मी पाहिलं.

मी मायशी बोलणं टाकलं. आमच्या घरात बोलणारी मी एकटीच उरले होते, त्यामुळे घर पुरतं मुकं झालं. मला वाटायचं, हिला भाऊ नको झालेत. हिने त्यांना पुसून काढलं, शेणाने ओटा सारवावा तसं. मी जेवायला बसायची, ताट ढकलायची, पोत्यांवर जाऊन बसायची. पोतीही आता रिकामी होऊन घडी घालून ठेवलेली होती. शाळेत मास्तरांनी एकदा विचारलं, घरी कोण कोण असतं, आणि मी म्हटलं, मी. वर्ग हसला. पण मी काही थट्टा केली नव्हती.

हिवाळा लागला. कपाशी निघाली आणि तिच्या पऱ्हाट्या चुलीला आल्या. पऱ्हाटी भसकन पेटते आणि तितक्याच लवकर विझते, तिच्यापाशी सारखं फुंकत बसावं लागतं. एका संध्याकाळी मी पाणी प्यायला आत गेले, तर चुलीशी आमची जुनी पितळी फुंकणी नव्हती. तिच्या जागी दुसरीच होती. काळपट, जाड, फुंकणी म्हणून जरा मोठीच. एका टोकाला आटे, दुसऱ्या टोकाला पोचा. मी पाण्याचा तांब्या हातात धरून उभी राहिले. मायने ती केव्हा उचलून आणली, मला पत्ता नव्हता. राखेने आणि चिंचेने घासघासून आतली काजळी काढली होती, आट्यांवर चिंधी गुंडाळली होती. माय तिला तोंड लावून फुंकत होती आणि नळीतून हू असा एक बारीक, पोकळ आवाज येत होता.

तिचे हात पिठात होते. तिने माझ्याकडे न बघता म्हटलं, "सुमे, फूक मार जरा. इझी ऱ्हायनं."

बोलायचं नव्हतं, पण कामाला नाही म्हणायची आमच्या घरात रीत नव्हती. मी बसले, नळी उचलली, तोंडाला लावली. आणि फुंकण्याऐवजी मी आत ओढलं. चुकून नाही. डोळे मिटून, छाती भरून ओढलं. पेट्रोल, जळकं तेल, आणि त्याच्या खालचा तो आंबट वास, तो कुठेतरी तळाशी असणारच, अशी माझी खात्री होती. तोंडात राख आली. चिंचेची आणि राखेची चव, बाकी काही नाही. मला जोराचा ठसका लागला, डोळ्यांतून पाणी आलं, आणि ते नुसतं ठसक्याचं नव्हतं.

माय थापायची थांबली. पिठाचा हात तिने माझ्या पाठीवर ठेवला आणि ठेवूनच दिला. परकरपोलक्यावर तिची पाची बोटं उमटली होती, ती मला नंतर दिसली.

"त्याम्हा काहीच नही ऱ्हायनं, बेटा," ती म्हणाली. "मी बी वास वढी दखं."

चूल विझत आली होती. मी तिच्याकडे पाहिलं, तिने माझ्याकडे. मग तिने पीठ पुन्हा हाताखाली घेतलं.

"फूक आते," ती म्हणाली. "मी भाकर टाकस."